यंत्राला वेळीच थांबविणे
जावास्क्रिप्टमधील आवर्तने आणि त्यांतून बाहेर पडण्याच्या वाटा

एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या दाखलनोंदवहीत १०,००० ग्रंथांची नोंद आहे आणि ग्रंथ जसजसे येत गेले त्याच क्रमाने ती केलेली आहे, असे समजावे. वाचकाने एक ग्रंथ मागितला. ग्रंथपाल पहिल्या पानापासून एकेक ओळ पाहू लागतो. ४३७ व्या ओळीवर त्या ग्रंथाचे नाव सापडते. त्याबरोबर तो वही मिटतो व कपाटाकडे वळतो. उरलेल्या ९,५६३ ओळी वाचण्याचा विचारही त्याच्या मनात येत नाही. काम कोठे संपले, हे त्याला दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही.

संगणकाला मात्र ते सांगावे लागते. 'प्रत्येक ओळ पाहा' एवढीच आज्ञा दिली, तर ग्रंथ ४३७ व्या ओळीवर सापडूनही तो १०,००० व्या ओळीपर्यंत जातो. म्हणून काम कसे करावे हे सांगताना ते केव्हा व कोठून सोडावे हेही तितक्याच काटेकोरपणे सांगणे, हा आज्ञावली लिहिण्याच्या विद्येचा एक महत्त्वाचा भाग होय. जावास्क्रिप्ट ह्या भाषेच्या आधाराने ह्या भागाचा परिचय येथे करून दिला आहे. त्या भाषेतील आज्ञा रोमन लिपीत लिहिल्या जातात; येथे त्यांचे केवळ उच्चार देवनागरीत दिले आहेत.

आवर्तन म्हणजे काय?

एकच क्रिया पुनःपुन्हा करावयाची असते, तेव्हा आज्ञावलीकार जी रचना वापरतात तिला 'लूप' म्हणजे आवर्तन असे म्हणतात. आवर्तनातील एकदा होणाऱ्या क्रियेला फेरी म्हणता येईल. जावास्क्रिप्टमध्ये आवर्तनासाठी 'फॉर' व 'व्हाइल' ह्या दोन प्रमुख आज्ञा आहेत. 'फॉर' ह्या आज्ञेत सामान्यतः आरंभ कोठून करावयाचा, कोणत्या अटीवर पुढे जावयाचे आणि प्रत्येक फेरीनंतर कोणता बदल करावयाचा, अशी तीन कलमे असतात. 'व्हाइल' ह्या आज्ञेत केवळ अट असते. ती खरी आहे तोवर फेऱ्या चालू राहतात.

ह्यावरून दिसून येईल की प्रत्येक आवर्तनाला एक नैसर्गिक शेवट असतो: अट खोटी ठरली की ते थांबते. परंतु पुष्कळदा हवे असलेले फळ त्या शेवटाच्या बरेच आधी हाती येते. अशा वेळी आवर्तन मध्येच सोडण्यासाठी 'ब्रेक' ही आज्ञा आहे. 'नाव जुळले, तर ब्रेक' असे आवर्तनाच्या आत लिहिले, की नाव जुळताक्षणी यंत्र आवर्तनाबाहेर पडते व त्याच्या पुढील आज्ञेकडे वळते. तिची भगिनी 'कंटिन्यू' ही आज्ञा आवर्तन सोडत नाही. ती चालू फेरी मात्र सोडून देते आणि पुढील फेरी सुरू करते. फाटलेले पान आढळले तर ग्रंथपाल ते उलटून पुढच्या पानावर जातो, तशी ही क्रिया होय.

वेळीच थांबण्याचा लाभ किती? ग्रंथ नोंदवहीत आहे आणि तो कोणत्याही ओळीवर असण्याचा संभव सारखाच आहे असे मानले, तर १०,००० नोंदींत सरासरीने सुमारे ५,००० नोंदी पाहाव्या लागतील. म्हणजे श्रम निम्म्यावर येतील. ग्रंथ मुळीच नसेल, तर मात्र सर्वच्या सर्व १०,००० नोंदी पाहिल्यावाचून गत्यंतर नाही. तेथे 'ब्रेक'चा काही उपयोग होत नाही.

श्रम वाचणे हा एकच लाभ नव्हे. त्या ग्रंथाच्या दोन प्रती ४३७ व्या आणि ८,१०० व्या ओळीवर असतील आणि आज्ञावली जुळलेल्या ओळीचा क्रमांक एकाच ठिकाणी लिहून ठेवीत असेल, तर 'ब्रेक'वाचून चालणारे आवर्तन पहिला क्रमांक पुसून त्या जागी दुसरा लिहील. मागितली पहिली प्रत आणि मिळाली शेवटची, असा प्रकार होईल. म्हणजेच वेळीच न थांबल्याने कधी कधी उत्तर केवळ उशिराच येते असे नव्हे, तर ते चुकीचेही येते.

'ब्रेक' कशातून बाहेर काढते?

नवशिक्याला फसविणारा प्रश्न हाच आहे. आज्ञावलीत एका रचनेच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी अशा रचना असतात. गावाला कुसू, त्याच्या आत वाड्याची भिंत, तिच्या आत खोली, तसेच हे असते. 'बाहेर पडा' असे म्हटल्यावर खोलीबाहेर पडावयाचे, वाड्याबाहेर की गावाबाहेर?

जावास्क्रिप्टचा नियम असा आहे: साधी 'ब्रेक' ही आज्ञा तिला वेढणाऱ्या सर्वांत जवळच्या आवर्तनातून किंवा 'स्विच' ह्या रचनेतून बाहेर काढते. 'स्विच' म्हणजे एखाद्या मूल्यानुसार अनेक पर्यायांतून एक निवडण्याची रचना. 'इफ' म्हणजे 'जर-तर' ही रचना ह्या नियमाच्या दृष्टीने भिंत नव्हे. 'ब्रेक' ती ओलांडून थेट पलीकडच्या भिंतीबाहेर जाते. उलटपक्षी आवर्तनाच्या आत 'स्विच' असेल आणि 'स्विच'च्या एखाद्या पर्यायात आवर्तन थांबविण्याच्या हेतूने 'ब्रेक' लिहिली असेल, तर ती केवळ 'स्विच' सोडते; आवर्तन चालूच राहते. हा भेद दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु त्याकडे दुर्लक्ष झाल्याने काय घडू शकते, हे १९९० साली अमेरिकेत दिसून आले.

१५ जानेवारी १९९० चा प्रसंग

त्या दिवशी दुपारी अमेरिकेतील एटी अँड टी ह्या कंपनीची दूर अंतराची दूरध्वनी-सेवा कोलमडली. कंपनीच्या जाळ्यात ११४ मोठी संगणक-नियंत्रित जोडणी-केंद्रे होती. न्यूयॉर्कमधील एका केंद्रात किरकोळ बिघाड झाला आणि ठरल्याप्रमाणे त्याने काही सेकंद काम थांबवून स्वतःला पूर्वस्थितीत आणले. पुन्हा काम सुरू करताच त्याने शेजारच्या केंद्रांकडे संदेश धाडले. ते केंद्र पुन्हा चालू झाल्याची नोंद शेजारची केंद्रे करीत असतानाच, अत्यल्प अवधीत, त्याच केंद्राकडून आणखी एक संदेश आला. त्यासरशी त्या केंद्रांतील माहिती बिघडली, त्यांनीही स्वतःला पूर्वस्थितीत आणले आणि कामावर येताच आपल्या शेजाऱ्यांना संदेश धाडले. अशा रीतीने एकाची बाधा दुसऱ्याला होत गेली आणि बिघाड साऱ्या जाळ्यात पसरला. हा प्रकार सुमारे नऊ तास चालला. त्या अवधीत ह्या जाळ्यातून केले जाणारे निम्म्याच्या आसपास दूरध्वनी लागू शकले नाहीत आणि कंपनीचे ६ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले.

शोध घेता दोष यंत्रसामग्रीत नसून डिसेंबर १९८९ मध्ये केंद्रांत बसविलेल्या नव्या आज्ञावलीत आढळला. ती 'सी' ह्या भाषेत लिहिलेली होती. संदेश वाचणारे एक 'व्हाइल' आवर्तन होते. त्याच्या आत 'स्विच', 'स्विच'च्या आत 'इफ' आणि त्या 'इफ'च्या एका शाखेत 'ब्रेक' अशी रचना होती. आज्ञावलीकाराची अपेक्षा 'ब्रेक'ने 'इफ'मधून बाहेर पडावे, अशी होती. परंतु 'सी' भाषेतही 'इफ' ही भिंत मानली जात नाही. त्यामुळे यंत्र 'इफ'बरोबर संपूर्ण 'स्विच'ही सोडून बाहेर आले. आलेला संदेश हाताळून पुढील माहितीची ठिकाणे निश्चित करणाऱ्या आज्ञा मध्येच वगळल्या गेल्या आणि ती ठिकाणे निश्चित न होताच पुढील आज्ञा पार पडल्या. परिणामी भलत्याच जागी लेखन होऊन माहिती बिघडली.

यंत्राने आपल्या नियमात तिळमात्र कसूर केली नव्हती. लिहिणाऱ्याच्या मनातील भिंत एक आणि भाषेची भिंत दुसरी, एवढेच घडले होते. ह्या घटनेनंतर पाच वर्षांनी, मे १९९५ मध्ये, नेटस्केप कंपनीतील ब्रेंडन आइक ह्यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टची पहिली आवृत्ती सिद्ध केली. तिची वाक्यरचना 'सी'च्या घराण्यातील आहे. साहजिकच 'ब्रेक'चा हा नियमही तिच्याकडे वारशाने आला, आणि त्याबरोबर फसगतीचा संभवही.

खूणचिठ्ठी लावलेले आवर्तन

बाहेरची भिंत ओलांडावयाची असेल तर काय करावे? ग्रंथालयात ४० कपाटे आहेत आणि प्रत्येकात २५० ग्रंथ आहेत, असे समजावे. शोध घेणाऱ्या आज्ञावलीत दोन आवर्तने होतील: बाहेरचे कपाटांचे आणि आतले ग्रंथांचे. हवा असलेला ग्रंथ तिसऱ्या कपाटात दहावा आहे. आतल्या आवर्तनात साधी 'ब्रेक' लिहिली, तर ५१० ग्रंथ पाहून तो सापडेल. परंतु 'ब्रेक' केवळ त्या कपाटातील शोध थांबवील. बाहेरचे आवर्तन उरलेली ३७ कपाटे पाहावयास जाईल आणि आणखी ९,२५० ग्रंथ चाळील. एकूण ९,७६० ग्रंथ पाहिले जातील. 'ब्रेक' लिहूनही वाचले ते केवळ तिसऱ्या कपाटातील उरलेले २४० ग्रंथ.

ह्यावर उपाय म्हणून बाहेरच्या आवर्तनाला नाव देता येते. ह्या नावाला 'लेबल' म्हणतात. डिसेंबर १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भाषेच्या प्रमाण संहितेच्या तिसऱ्या आवृत्तीत ही सोय आहे. आवर्तनापूर्वी त्याचे नाव व अपूर्णविराम लिहावयाचा आणि आत 'ब्रेक' ह्या शब्दापुढे तेच नाव लिहावयाचे. मग यंत्र त्या नावाच्या आवर्तनाबाहेर पडते आणि शोध ५१० ग्रंथांवरच थांबतो. कोठून बाहेर पडावयाचे हे आज्ञेतच लिहिलेले असल्याने वाचणाऱ्याचाही गोंधळ होत नाही.

दुसरा उपाय अनेकदा अधिक सुटसुटीत ठरतो. शोधाचे काम एका स्वतंत्र फंक्शनमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या छोट्या उपआज्ञावलीत लिहावयाचे आणि ग्रंथ सापडताच 'रिटर्न' ही आज्ञा द्यावयाची. 'रिटर्न' कितीही आवर्तने ओलांडून त्या फंक्शनच्या बाहेर पडते आणि येताना उत्तरही बरोबर आणते.

मध्येच बाहेर पडणे शिष्टसंमत आहे काय, ह्याविषयी विद्वानांत मतभेद झाले आहेत. मार्च १९६८ मध्ये नेदरलँड्समधील संगणकशास्त्रज्ञ एट्सखर डायक्स्ट्रा ह्यांनी 'गो टू' ह्या आज्ञेविरुद्ध लिहिलेले पत्र प्रसिद्ध झाले. ह्या आज्ञेने यंत्राला आज्ञावलीत कोठेही उडी मारता येत असे आणि त्यामुळे आज्ञावलीचा ओघ वाचकाला उमगणे दुरापास्त होई. त्यानंतर प्रत्येक रचनेला एकच प्रवेशद्वार व एकच निर्गमद्वार असावे, असा आग्रह बळावला. डिसेंबर १९७४ मध्ये अमेरिकेतील डोनाल्ड नूथ ह्यांनी एका प्रदीर्घ निबंधात हा प्रश्न पुन्हा तपासला आणि शोधासारख्या कामात आवर्तनातून मध्येच बाहेर पडणे किती स्वाभाविक असते, हे उदाहरणांनी दाखविले. 'ब्रेक' ही ह्या दोन टोकांमधील तडजोड होय. ती कोठेही उडी मारू देत नाही. तिच्या वाटा ठरलेल्या आहेत आणि त्या नेहमी बाहेरच्या दिशेनेच जातात.

'फॉर-ईच' मधून बाहेर का पडता येत नाही?

डिसेंबर २००९ मध्ये प्रमाण संहितेची पाचवी आवृत्ती निघाली. तीत सूचीवर काम करण्याच्या अनेक नव्या पद्धती आल्या. त्यांपैकी 'फॉर-ईच' ही दिसावयास आवर्तनासारखीच आहे: सूचीतील प्रत्येक घटकासाठी दिलेले काम ती करविते. परंतु तिच्या आत 'ब्रेक' लिहिली, तर भाषा ती आज्ञावली व्याकरणदृष्ट्याच अशुद्ध ठरविते आणि ती चालतच नाही.

ह्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. 'फॉर-ईच'ला जे काम दिले जाते ते एक फंक्शन असते, आणि प्रत्येक घटकासाठी त्या फंक्शनला स्वतंत्रपणे बोलाविले जाते. ग्रंथपालाने एका शिपायास बोलावून 'ही नोंद पाहा' असे सांगावे, त्याने ती पाहून परत जावे आणि पुढील नोंदीसाठी त्याला पुन्हा बोलवावे, असा हा प्रकार आहे. फेऱ्या मोजणारा ग्रंथपाल आहे, शिपाई नव्हे. शिपायाच्या कामात आवर्तनच नाही. मग त्यातून बाहेर पडण्याचा प्रश्न कोठून येणार? तेथे 'रिटर्न' लिहिली तर ती चालते; परंतु तिने तेवढी एक भेट संपते आणि शिपायास पुढील नोंदीसाठी पुन्हा पाचारण होते. म्हणजे 'फॉर-ईच'मधील 'रिटर्न' ही परिणामाने 'कंटिन्यू'सारखी वागते. हे ध्यानात न घेता पुष्कळ विद्यार्थी तिने सारे आवर्तन थांबेल अशी अपेक्षा करतात आणि चकतात.

अशा वेळी हेतूला साजेशी पद्धत निवडावी. 'अशी एखादी तरी नोंद आहे काय?' असे विचारावयाचे असेल, तर त्याच पाचव्या आवृत्तीतील 'सम' ही पद्धत आहे. पहिले होकारार्थी उत्तर मिळताच ती थांबते. 'सर्व नोंदी अशाच आहेत काय?' ह्या प्रश्नासाठी 'एव्हरी' आहे. ती पहिल्या नकारावर थांबते, कारण एक अपवाद सापडल्यावर पुढे पाहण्याचे प्रयोजनच उरत नाही. जून २०१५ मधील सहाव्या आवृत्तीने 'फाइंड' व 'फाइंड-इंडेक्स' ह्या पद्धती दिल्या. पहिली जुळणारा घटकच हाती देते, दुसरी त्याचे स्थान सांगते आणि तो नसेल तर उणे १ हे उत्तर देते. त्याच आवृत्तीत 'फॉर-ऑफ' हे नवे आवर्तनही आले. ते 'फॉर-ईच'इतकेच सुटसुटीत असून त्यात 'ब्रेक' वापरता येते. शिवाय ते मध्येच सोडले, तर घटक पुरविणाऱ्या रचनेला तशी सूचना देण्याची व्यवस्था आहे. तिने काही उघडून ठेवले असेल तर ते तिला बंद करता येते.

थांबू नये असे प्रसंग

इतके वाचून प्रत्येक आवर्तन शक्य तितक्या लवकर सोडावे असा समज होईल, तर तो यथार्थ नव्हे. बेरीज करावयाची असेल, सर्वांत मोठी संख्या शोधावयाची असेल किंवा जुळणाऱ्या सर्व प्रती मोजावयाच्या असतील, तर शेवटच्या घटकापर्यंत गेलेच पाहिजे. परंतु ह्याहून सूक्ष्म असा एक प्रसंग आहे. तेथे उत्तर आधी मिळूनही थांबणे घातक ठरते. तो म्हणजे गुप्त शब्दाची पडताळणी.

टेनेक्स नावाच्या अमेरिकन संगणक-प्रणालीत दिलेला गुप्त शब्द खऱ्या शब्दाशी एकेक अक्षर करून ताडला जाई आणि पहिले न जुळणारे अक्षर येताच तुलना थांबे. वरवर पाहता ही काटकसर योग्यच होती. पण आपला प्रयत्न कितव्या अक्षरापर्यंत वाचला गेला, हे बाहेरच्या मनुष्यास जाणून घेता येत असे. शब्दाचे पहिले अक्षर स्मृतीच्या एका पानाच्या अखेरीस आणि उरलेला भाग यंत्रात अस्तित्वातच नसलेल्या पुढील पानावर येईल, अशी योजना तो करी. पहिले अक्षर चूक असेल तर यंत्र तेथेच थांबून नकार देई. बरोबर असेल तर ते पुढील पानाकडे जाई आणि तेथे अडखळे. ते अडखळणे हीच खूण. मग दुसरे अक्षर, मग तिसरे. बटलर लॅम्पसन ह्यांनी १९८३ च्या एका लेखात ह्याचा हिशेब दिला आहे: १२८ चिन्हांच्या लिपीतील ८ अक्षरी शब्द अंदाजाने शोधण्यास सरासरीने ३६ वर १५ शून्ये द्यावीत इतके प्रयत्न लागतील, ह्या युक्तीने मात्र दर अक्षरास ६४ ह्याप्रमाणे सुमारे ५१२ प्रयत्न पुरत.

आजही तुलनेस लागणारा वेळ मोजून असेच अनुमान काढण्याचा धोका असतो. म्हणून गुप्त मूल्यांची तुलना करताना अक्षर जुळो वा न जुळो, अखेरपर्यंत जाण्याचा प्रघात आहे. संगणकावर जावास्क्रिप्ट चालविणाऱ्या 'नोड' ह्या प्रणालीत ह्याच हेतूने 'टाइमिंग-सेफ-ईक्वल' नावाचे स्वतंत्र फंक्शन दिलेले आहे.

आवर्तन वाचताना

आवर्तनातून मध्येच बाहेर पडल्यावर एक गोष्ट विसरू नये. ग्रंथ सापडल्याने शोध थांबला की नोंदवही संपल्याने थांबला, हे पुढील आज्ञेला आपोआप कळत नाही. दोन्ही वाटा तिच्याच दारी येऊन मिळतात. म्हणून शोधापूर्वी 'सापडला नाही' असे नोंदवून ठेवावे, आणि सापडताच ती नोंद बदलून मगच बाहेर पडावे. ज्या आज्ञावलीत 'नाही' ह्या उत्तराची सोय नाही, ती ग्रंथ नसतानाही वाचकाला कोठले तरी कपाट दाखवील.

विद्यार्थ्याने स्वतःचे असो वा दुसऱ्याचे, कोणतेही आवर्तन वाचताना चार प्रश्न विचारावेत. हे कोणत्या अटीवर थांबते? ह्यातील प्रत्येक 'ब्रेक' नेमकी कोणती भिंत ओलांडते? बाहेर पडताना कोणते काम अर्धवट राहते? आणि शोधलेली वस्तू नसेल तर काय होते? ह्या प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढण्यास काही मिनिटे लागतात. १९९० साली ११४ केंद्रांत बसविलेल्या आज्ञावलीतील दोष ह्यांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांच्या उत्तरांत होता.